ज्याचं यंत्र, त्याची बाग

१२ जानेवारी

चि. कोंबडीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र आणि सोबतचे मातीचे रंगीत नकाशे मिळाले. आत्याने विचारलं, भिंतीला लावू का. म्हटलं, लाव, तेवढीच ओल झाकली जाईल. लहानपणी दिवसभर माती उकरायचीस म्हणून तुला हे नाव पडलं. आता कॉम्प्युटरने उकरतेस, एवढीच काय ती प्रगती.

तुझं म्हणणं समजलं. कोणत्या ओळीला नत्र जास्त झालं, कुठे पालाश कमी पडतं, हे तुझं सॉफ्टवेअर सांगतं आणि अंदाजाने खत फेकणं थांबतं. धाकट्याचंही पत्र आलंय. त्याला हवामानाचं यंत्र हवंय, खांबावर बसवायचं, म्हणजे थंडी कधी पडणार ते आधीच कळेल. त्याची मान सदा बगळ्यासारखी वर. दोन्हींचा खर्च बागेला झेपणार नाही, तेव्हा असं करू. हा बहर दोघांनी भाड्याची यंत्रं आणून बघा. वरची बाग तुझी, खालची त्याची. ज्याची नासपती चांगली, त्याचं यंत्र विकत घेऊ आणि सगळी बाग त्याच्या नावावर करीन. दुसऱ्याने आपली वाट धरावी. एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत.

अट एकच. बागेबद्दल एकमेकांशी अवाक्षर बोलायचं नाही. जे असेल ते मला लिहायचं. फोन मी उचलणार नाही, फोनवर तुम्ही दोघं गोड बोलून मला गुंडाळता.

खुबा दुखतो. शहरातल्या या घराचे तीन मजले उतरून बागेत येणं आता या जन्मी नाही. आत्याचे हात थरथरतात, माझ्या अंघोळीचं निम्मं पाणी फरशीवर जातं. असो. माया आहे ती पातळ होऊ देऊ नये.

तुझे,
अण्णा

२ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

वरची बाग पांढरी झाली आहे. सॉफ्टवेअरने सांगितलं तसं वरच्या ओळींचं नत्र कमी केलं आणि फुलं धरायच्या आधी थोडं बोरॉन दिलं. इतकी भरलेली फुलं मी या झाडांवर पाहिली नव्हती. तुम्ही असता तर काठी टेकत टेकत आला असतात आणि काहीतरी खोड काढली असतीत.

धाकटा आणि मी एका टेबलावर जेवतो आणि भाजीत मीठ कमी की जास्त, एवढंच बोलतो. बाकी तो खांबाकडे बघतो, मी ताटाकडे. हसू येतं आणि वाईटही वाटतं. त्याने तीन नोकऱ्या केल्या, सोडल्या. चौथीही मिळेल. मी शाळा सुटल्यापासून इथेच आहे. मला दुसरं काही येत नाही अण्णा, आणि दुसरीकडे कुठे मी कोणाची नाही. ही बाग गेली तर माझं काय राहील, ते मला खरंच माहीत नाही.

येत्या शुक्रवारी मातीचे नमुने घेऊन प्रयोगशाळेत जाते आहे. रात्री तिथेच मुक्काम. आत्याला नमस्कार. खुब्याला शेक घेत जा. आशीर्वादाचा हात असू द्यावा.

आपली,
कोंबडी

५ मार्च

ती. अण्णांस,
सा. न. वि. वि.

घाईत लिहितो. यंत्र सांगतंय की शुक्रवारी रात्री पारा शून्याखाली जाणार, दव गोठणार. मी रात्रभर पाण्याचे तुषार चालू ठेवीन. फुलावर पाण्याचं बर्फ धरत राहिलं की आतलं फूल वाचतं.

पंप एकच आहे. वरच्या बागेचा व्हॉल्व्ह ताईचा, आणि ती त्या रात्री नाही. तिला सांगायला जीभ वळवळते, पण अट तुमची. ती मोडली आणि तुम्ही मला बाद केलंत तर माझी वाटच लागेल. म्हणून तुम्हांलाच लिहितो. तिला सांगू का, किंवा वरचा व्हॉल्व्ह मीच उघडू का, ते कळवा. काही कळवलं नाहीत तर मी आपली खालची बाग भिजवीन. वर हात लावणारा मी कोण?

मर्जी राहावी.

आपला,
बगळा

११ मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

वरची बाग गेली. लांबून अजून पांढरीच दिसते. फूल उकललं की आतला भाग काळा. मी ओळीमागून ओळ उकलत गेले, मग थांबले.

खालची सगळी शाबूत आहे. धाकट्याला मी विचारलं, अट मोडूनच विचारलं. तो म्हणाला, अण्णांना आधीच लिहिलं होतं. मान खाली घालून म्हणाला, आणि यंत्राची बॅटरी बदलायला निघून गेला. व्हॉल्व्ह हाताने फिरतो अण्णा, त्याला जोरही लागत नाही.

पण तुमच्याबद्दल मी मनात काही आणलेलं नाही. पत्र उशिरा पोचलं असेल, असं धरून चालले आहे. तेवढंच लिहा, म्हणजे मला झोप लागेल.

आपली,
कोंबडी

१५ मार्च

चि. कोंबडीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र मला गुरुवारीच मिळालं. फोन उशाशीच असतो. आत्या म्हणाली, पोरीला कळवते. मी म्हटलं, हात लावलास तर याद राख.

राग येईल, येऊ दे. बाग धाकट्याचीच व्हायची होती. मी तसं सरळ सांगितलं असतं तर तू झाडाला मिठी मारून बसली असतीस. तू हरल्याशिवाय हलणारी नव्हेस, माझीच पोर तू. यंत्राचं म्हणशील तर दोन्ही सारखीच, मला त्यातलं काही कळत नाही.

आता इकडे ये. आत्याचा काही भरवसा नाही आणि मला उचलायला तुझ्यासारखी दणकट बाई हवी. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात तुझी खाट मावते, मोजून घेतली. तुझं तरी दुसरं कोण आहे? पगारी बाई ठेवली तर ती चार दिवसांत पळेल. तुला पळायला जागा नाही, हे मला चांगलं वाटतं, खोटं कशाला बोलू?

येताना ते नकाशे आणू नकोस. भिंत भरली.

तुझे,
अण्णा

३० मार्च

ती. अण्णांस,
शि. सा. न. वि. वि.

खोऱ्यापलीकडच्या एका नासपतीच्या बागेने माझं सॉफ्टवेअर घेतलं आणि चालवायला मलाही घेतलं. राहायला एक खोली दिली आहे. काल सामान हलवलं.

दुसरी बातमी तुमची आहे. आत्याला तिचा मुलगा उद्या शनिवारी कायमचा घेऊन जातो आहे. तुम्हांला सांगायचा तिला धीर होत नव्हता, म्हणून तिने पंधरवड्यापूर्वी मला लिहिलं, की अण्णांना तू समजावून सांग, आणि तू आलीस तरच मी निघेन. मी तिला उलट टपाली लिहिलं की अण्णांना सगळं कळवलं आहे, तू त्यांच्यापाशी विषय काढू नकोस, निर्धास्त जा, मी शनिवारी संध्याकाळी पोचते. म्हणून उद्या ती बाजारात जाऊन येते असं म्हणून निघेल. मी येणार नाही.

आत्या बिचारी दोन दिवसांचं जेवण तुमच्या हाताला लागेल असं ठेवून जाणार आहे. हे पत्र सोमवारी पोस्टमन दाराखालून सरकवेल. खाटेपासून दार किती लांब आहे, ते तुम्हांला माहीत. मी रात्रभर विचार केला. वाईट वाटायची वाट पाहिली. वाटलं नाही, आणि त्याचीच थोडी भीती वाटते.

धाकट्याला फोन करून बघा. फुलं गळून फळ धरलंय, तो दिवसभर बागेत असतो. मला वेळेवर फोन करता आला असता, पण तुम्ही उचलत नाही.

प्रकृतीला जपून असावं.

आपली,
थोरली