रात्रपाळी माझ्याकडे

सोमवार, ४ मार्च

बाबांना हॉस्पिटलातून घरी आणलं. खुब्याचा सांधा बदललाय. एकट्याने पाऊल टाकायचं नाही, असं डॉक्टरांनी बजावलंय. दिवसरात्र एखादी बाई ठेवू या, असं ताई म्हणत होती. मी साफ नाही म्हणालो. ऑफिसच्या सुरक्षा समितीवर इतकी वर्षं आहे, ते काय उगाच? सिस्टर दिवसाआड येऊन बघून जातील. बाकी सगळं मी. स्वच्छता, झोप, सुरक्षा, वेदना असे चार विभाग पाडले. चारही विभागांचा प्रमुख मीच.

बाबांच्या हाताशी घंटी ठेवली. माझी कॉट त्याच खोलीत, समोरच्या भिंतीला. माझी झोप सावध आहे. मांजर गेलं तरी जाग येते.

झोपण्याआधी विचारलं, दहापैकी किती दुखतंय? म्हणाले, चार. मला घाम फुटला, डोळ्यांपुढे अंधारी आली. शेवटी बाबांनीच आपल्या भांड्यातलं पाणी मला पाजलं.

वॉकरच्या एका पायाचं रबर निघालंय. उद्या आणणे.

मंगळवार, ५ मार्च. सकाळ

रात्र उत्तम. घंटी एकदाही वाजली नाही.

स्पंजिंग केलं. अंगाचा एकेक भाग उघडायचा, पुसायचा, लगेच झाकायचा. पाणी आधी स्वतःच्या मनगटावर घेऊन बघायचं, असं सिस्टरनी सांगितलंय. पण अनुभवी माणसाला अंदाज असतो. बाबा ओरडले. दुसरं पाणी आणलं, ते गार निघालं. तेव्हा ओरडले नाहीत, नुसते डोळे मिटून घेतले. म्हणजे विश्वास बसला. बाबा शिंपी. जन्मभर माप घेण्यापुरता लोकांच्या अंगाला हात लावला. आपलं अंग कुणाच्या हातात द्यायची त्यांना सवय नाही. मला जरा कसंसंच झालं.

वेदना : दोन! एका रात्रीत निम्म्यावर. गोळी दिली नाही. सवय लागते.

रबर राहिलं.

बुधवार, ६ मार्च

विचित्र प्रकार. काल रात्री वाचता वाचता डोळा लागला. सकाळी बघतो तर दिवा बंद, चष्मा घडी घालून उशाशी, आणि पांघरूण अंगावर, चारही बाजूंनी गादीखाली खोचलेलं. इतकं घट्ट की हलता येईना.

लहानपणी रोज सकाळी असाच खोचलेला उठायचो. हे हात एकाच माणसाचे.

आई याच खोलीत गेली. वर्ष होत आलं.

बाबांना काही बोललो नाही. आजारी माणसाची झोप उडते. रात्री काही ऐकलंत का, एवढंच विचारलं. म्हणाले, तुझं घोरणं.

शुक्रवार, ८ मार्च

सिस्टर येऊन गेल्या. चादरीवरच्या सुरकुत्या, बाबांची लाल झालेली पाठ, दोन्ही त्यांनी मला दाखवलं. रात्री कूस बदलता का, म्हणाल्या. जाग आली की बदलतो, म्हटलं. जाग येते का, म्हणाल्या. माझी झोप सावध आहे, म्हटलं. बाबांना खोकल्याची उबळ आली.

गोळी वेळेवर द्या, म्हणाल्या, दुखणं वाढेपर्यंत थांबायचं नसतं. म्हटलं, दुखतंय कुठे? दोनवर आहेत. सिस्टर बाबांकडे बघत राहिल्या. बाबा छताकडे.

वॉकर उलटा करून, रबर कुठाय, असंही विचारलं. उद्या नक्की.

पलंगाचा कठडा मी रात्री वर करतो, सकाळी तो खाली असतो. बिजागरी सैल असणार. बघायला हवं.

शनिवार, ९ मार्च

काल आवाज ऐकला. अर्धवट झोपेत होतो. टक्. मग काहीतरी फरफटल्यासारखं. मग टक्. खोलीच्या त्या टोकाकडून माझ्याकडे येत होतं. डोळे उघडायचा धीर होईना. मग कपाळावर हात आला. कोरडा, गार. चष्मा अलगद निघाला. पांघरूण आधी पायाशी खोचलं गेलं, मग दोन्ही बाजूंना.

भीती कुठल्या कुठे गेली. पन्नाशीचा माणूस मी, उशीत तोंड खुपसून रडलो.

सोमवार, ११ मार्च

आता चष्मा मुद्दाम लावून झोपतो. दिवाही चालू ठेवतो. पांघरूण घडी करून पायाशी.

काल कपाळावर हात आला तेव्हा तोंडातून निघून गेलं, आई. हात थांबला. मग पुन्हा फिरू लागला, आधीपेक्षा हळू.

ताईला फोनवर सांगितलं. ती म्हणाली, अरे, बाबा उठत असतील! मला हसूच आलं. खुबा बदललेला माणूस? आणि वॉकर तर मी बाबांच्या हाताला लागू नये म्हणून त्यांच्या पायथ्याशी, भिंतीला टेकवून ठेवतो. सकाळी तो माझ्या कॉटजवळ असतो हे खरं, पण आमच्या फरशीला उतार आहे.

ताईची पहिल्यापासूनच कशावर श्रद्धा नाही.

बुधवार, १३ मार्च

रबर आणायला दुकानापर्यंत गेलो. कुठल्या मापाचं, असं दुकानदाराने विचारलं. माप घेतलं नव्हतं. शिंप्याचा मुलगा! परत आलो. उद्या माप घेऊन जाणे.

बाबा दिवसा फार झोपतात. चेहरा ओढलेला. वेदना : दोन. माझी झोप मात्र कमालीची सुधारली आहे.

शुक्रवार, १५ मार्च. सकाळी सहा

उठलो तर बाबा जमिनीवर. माझ्या कॉटला पाठ टेकून बसलेले. वॉकर आडवा पडलेला. बाबांच्या हातात माझा चष्मा, घडी घातलेला.

कधी पडलात? म्हणाले, झाला थोडा वेळ. घंटी तिकडे त्यांच्या पलंगावर राहिली होती. मला हाक का नाही मारलीत? म्हणाले, तुला गाढ झोप लागली होती रे.

माझ्या अंगावरचं पांघरूण एकाच बाजूने खोचलेलं होतं.

त्याच दिवशी. हॉस्पिटल

इथल्या सिस्टरनी विचारलं, आजोबा, दहापैकी किती? बाबांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाले, दोन. सिस्टरनी मला बाहेर जायला सांगितलं. पडद्याआडून ऐकू आलं, नऊ. मग हळू आवाजात, त्याला सांगू नका, त्याला चक्कर येते.

शनिवार, १६ मार्च

मांडीचं हाड तडकलंय. सोमवारी पुन्हा ऑपरेशन. या वयात दुसऱ्यांदा भूल द्यायची म्हणजे जपून, असं डॉक्टर म्हणाले. बाकीचं मला ऐकू आलं नाही.

ताई आली. मी सगळं सांगितलं. बिजागरी, उतार, रबर. लपवलं नाही काही. म्हटलं, मला खरंच वाटलं की आई येते. लहानपणी तीच खोचायची ना.

ताई चिडली असती तर बरं झालं असतं. ती म्हणाली, आई? आई दिवसभर दुकानात उभी असायची, घरी आली की पाठ टेकायची. मशीनवर रात्री बाबाच बसायचे. मशीन थांबलं की आपल्याला खोचून जायचे. तुला कसं कळणार? तू झोपलेला असायचास.

रविवार, १७ मार्च. संध्याकाळ

हॉस्पिटलात रात्री मी थांबतो म्हणालो. ताई म्हणाली, नको, मी जागते. बाबाही म्हणाले, त्याला घरी पाठव, त्याची झोप होत नाही.

येताना रबर आणलं. माप घेऊन गेलो होतो. बसवलं, घट्ट बसलं. वॉकर खोलीभर फिरवून बघितला. मुळीच आवाज येत नाही.

दुपारी जरा पडलो. दिवा चालू, डोळ्यांवर चष्मा. सवय.

आत्ता उठलो. चष्मा गालाखाली सापडला, एक काडी मोडली आहे. पांघरूण पायाशी, ठेवलं होतं तसंच घडीत. दिवा चालूच आहे. थंडी वाजतेय.