हिरव्या बाटल्यांची फळी

माय,

तुला वाचता येत नव्हतं आणि आता तर तू नाहीसच, तेव्हा मोकळेपणाने लिहितो. आज अकोल्याच्या आमच्या घरी धाकट्या मुलाच्या सोयरिकीसाठी मुलीकडचे लोक घर पाहायला आले होते. ते गेले आणि मला आपली वलगावची ओसरी आठवली. तिथेही असेच लोक घर पाहायला आले होते, माझ्यासाठी, आणि त्या दिवशी तू काय बोललीस ते मी आजवर निदान शंभर जणांना सांगितलं असेल. तुझ्याशी मात्र त्याबद्दल कधी काही बोललो नाही.

कापसाला भाव आला होता तेव्हाची गोष्ट. परमुलखात कुठे लढाई पेटली होती म्हणे, आणि त्यामुळे आपल्याकडच्या काळ्या जमिनीवाल्यांना पैसा कुठे ठेवू अन् कुठे नको असं झालं होतं. ज्याच्या त्याच्या ओसरीत पितळ झळकू लागलं. शेजारणीने तर एका फळीवर मावेना म्हणून खाली दुसरी ठोकून घेतली. आपला मळा वांग्या-मिरच्यांचा. त्याचे पैसे यायचे तसे जायचे. माझ्यासाठी पहिले सोयरे आले ते आपल्या फळीवरचे दोन तांबे आणि एक समई पाहून गेले, आणि पुन्हा त्यांचा निरोप आला नाही. बाबा आठवडाभर कुणाशी बोलले नाहीत. तू बोललीस, पण ते भाजी निवडता निवडता, स्वतःशीच.

त्या दिवसांत तू अमरावतीला कापूसवाल्या गोऱ्या साहेबाच्या बंगल्यावर भाजी देत होतीस. तिथल्या खानसाम्याकडून येताना तू टोपलीत रिकाम्या बाटल्या आणायचीस. हिरव्या, तपकिरी, एक चौकोनी खांद्याची, एक लांब मानेची. बाबा म्हणायचे, "भांड्यांचा पत्ता नाही अन् बाटल्या जमा करून राहिली." तू ऐकून घ्यायचीस आणि राखेने बाटल्या घासायचीस. मग भिंतीला पांढऱ्या मातीचा हात द्यायचा, फळी पुसायची, बाटल्यांत स्वच्छ पाणी भरायचं, आणि एकेक ठेवून मागे सरकायचं. मला अजून दिसते आहेस तू, उंबऱ्यापाशी उभी, कमरेवर हात, मान एका अंगाला कललेली. उंच बाटली मधोमध आली की तू ती उचलून कडेला नेतेस. समईच्या शेजारी काहीच ठेवत नाहीस. दिवस कलल्यावर पश्चिमेच्या दारातून ऊन आत येतं आणि सगळ्या भिंतीवर हिरवा उजेड पसरतो. तेवढा वेळ आपलं घर गावातल्या कुठल्याही घरापेक्षा देखणं असायचं. हे मी तू माझी माय म्हणून म्हणत नाही.

एकदा तुला मदत म्हणून मी घरातली होती नव्हती ती सगळी भांडी फळीवर चढवली, परातसुद्धा. तू आलीस, पाहिलंस, आणि म्हणालीस, "दुकान मांडून राहिला काय?" सगळं खाली उतरवायला लावलंस. "दोन चिजांच्या मंधात जागा पायजे. दाटीनं ठेवलं तं कोनतीच दिसत नाही. आता मांड, अन् मांडून झालं का त्याच्यातली एक काढून घे." मी तेव्हा पंधरा-सोळाचा, मिसरूड फुटलेलं. फळी मांडणं हे माझं काम नव्हे असं मला वाटायला हवं होतं, पण खरं सांगू, मला ते फार आवडलं.

मग बाळापूरचे सोयरे आले. मुलीचा बाप कापसाच्या गाड्या घेऊन अमरावतीच्या बाजारात आला होता, सोबत त्याची बहीण आणि मेहुणा. पाय धुतले, गूळपाणी झालं. मेहुणा उठून फळीपाशी गेला, चौकोनी खांद्याच्या बाटलीवर बोट ठेवून म्हणाला, "ह्या तं सायबाच्या दारूच्या बाटल्या व्हय." बाबांनी मान खाली घातली. ही सोयरीकही गेली, असं मी धरूनच चाललो. तू आतून आलीस, पदर सारखा केलास आणि शांतपणे म्हणालीस, "असन बा. मले दोन सालं घरात ठेवून नाही समजलं, तुमाले नुसतं पाहून समजलं."

आधी हसली ती मेहुण्याची बायको, मुलीची आत्या. मग मुलीचा बाप मांडी थोपटून हसला, आणि शेवटी मेहुणाही मान खाजवत हसायला लागला. हसू ओसरल्यावर त्या बाईने विचारलं, "बाई, हे मांडलं कोनं?" तू म्हणालीस, "म्या." जराही आढेवेढे नाहीत. ती उठून फळीपर्यंत गेली, बराच वेळ पाहत राहिली आणि भावाला म्हणाली, "लोकानं फेकल्या त्या बाटल्या हिनं अशा जपल्या, थे आपल्या पोरीले जपन." बोलणी तिथेच पक्की झाली. तू तिच्या भाचीला जपलंसही. माझी बायको अजून तुझं नाव काढते तेव्हा तिचे डोळे भरतात.

आजच्या पाहुण्यांनाही आमची फळी आवडली. आता घरात चिनी मातीच्या बशा आहेत, बिलोरी आरसा आहे, पितळ तर आहेच, तरी मध्ये मोकळी जागा सोडलेली. मुलीचा आजा फळीकडे पाहून माझ्या बायकोला म्हणाला, "बाईचा हात हाय, लगेच समजते. मान्साले हे जमत नाही." बायकोने पदर तोंडाला लावला आणि माझ्याकडे पाहिलं. मी मिशीवर हात फिरवून म्हटलं, "हो, तिचंच काम हाय थे."

माय, लग्न झाल्यापासून तिने त्या फळीला हात लावलेला नाही. आजचंही म्याच मांडलं.