काळी वायर बॉडीला मारू नये

मी, मुकुल मार्तंड परुळेकर, वय वर्षे तेवीस, शिक्षण मेकॅनिकल इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या वर्षापर्यंत (पुढे सोडलं), राहणार रवळनाथ सोसायटी, दुसरा मजला, मरोळ, अंधेरी पूर्व, हे मृत्युपत्र माझ्या मर्जीने करत आहे. मला कोणी धमकावलेलं नाही, मी प्यालेलो नाही, डोकं जागेवर आहे. ते गरम असतं असं बिल्डिंगमध्ये कोणीही सांगेल. पण गरम डोकं आणि फिरलेलं डोकं यात फरक आहे, तो वाचणाऱ्याने करावा.

मला मरायचं नाही. हे आधीच लिहून ठेवतो, नाहीतर आई पहिलं पान बघूनच घर डोक्यावर घेईल. येत्या गुरुवारी माझ्या मानेचं ऑपरेशन आहे. मणक्याच्या आत, नसांना चिकटून, एक गाठ आहे. डॉक्टर म्हणाले, हात सुधारेल, किंवा आहे तसा राहील, किंवा आणखी काही होऊ शकतं. "आणखी काही म्हणजे?" असं आईने विचारलं. ते म्हणाले, "सही घ्यायच्या आधी आम्हाला सगळं सांगावं लागतं हो." मी डाव्या हाताने सही केली, खाली बाबांनी केली. त्या 'आणखी काही'साठी हा कागद आहे.

माझ्या उजव्या हाताची बोटं बधिर आहेत. पाच महिन्यांपूर्वी टोकं गेली, आता तळव्यापर्यंत आलंय. त्यामुळे हे मी मोबाइलवर डाव्या अंगठ्याने टाइप करून प्रिंट काढणार आहे. चुका असतील तर त्या अंगठ्याच्या समजाव्यात.

कलम १. राहतं घर बाबांच्या नावावर आहे. त्यावर माझा हक्क आहे की नाही ते मला माहीत नाही आणि असला तरी नको.

कलम २. बँकेत जे असेल ते माझ्या आईला, सौ. कुंदा मार्तंड परुळेकर यांना मिळावं. किती ते तिने कोणाला सांगू नये, लोक हसतील. या मृत्युपत्राची अंमलबजावणीही तिनेच करावी. ती रडत रडत करेल, पण करेल. बाबा न रडता बसून राहतील.

कलम ३. कॉलेजची पुस्तकं रद्दीत द्यावीत. मिनी ड्राफ्टर कोणाला हवा असेल तर द्यावा, नाहीतर त्यावर पापड वाळत घालावेत. मी कॉलेज सोडलं ते नापास झालो म्हणून नाही. प्रॅक्टिकलला कापलेलं इंजिन दाखवायचे, रंग दिलेलं, आणि हात लावू द्यायचे नाहीत. मी लावला. सरांनी वर्गासमोर झापलं, मी उलट बोललो, आणि दुसऱ्या दिवसापासून गेलो नाही. यात कोणाला काही गूढ शोधायचं असेल तर शोधू नये.

कलम ४. गाडी. हीच काय ती माझी मालमत्ता.

सोसायटीच्या पार्किंगमध्ये, आमच्या जागेत, निळ्या ताडपत्रीखाली चौकोनी पाइपांची एक चासी आहे. ती मी स्वतः वेल्ड केली आहे. तिच्यावर चार सिलिंडरचं इंजिन आहे. ते कुर्ल्याच्या भंगारातून आणलं तेव्हा त्यावर कार्ब्युरेटर होता. तो काढून मी त्यावर चार इंजेक्टर बसवले. इंजेक्टर म्हणजे पेट्रोल फवारणारी नळी, आत विजेवर उघडणारी झडप. ती कधी आणि किती वेळ उघडायची हे इंजिनाचा कॉम्प्युटर ठरवतो. तो कॉम्प्युटर कु. गंधाली रेगे हिने बसवून दिला. ती कॉलेजात माझ्या बाकावर बसायची. तिने कॉलेज पूर्ण केलं.

हे इंजिन अजून एकदाही चालू झालेलं नाही.

सदर गाडी, इंजिन, कॉम्प्युटर आणि सगळे पाने मी गंधालीला देत आहे. गाडीत दोन सीटा आहेत. दुसरी तिच्या उंचीवर बसवली आहे, मागेपुढे सरकत नाही. दुसऱ्या कोणी बसून बघू नये.

गेल्या होळीच्या आधी मी तिला तिथेच, ताडपत्रीपाशी, विचारलं होतं. ती म्हणाली, "मुकुल, तू सुरू केलेली एक गोष्ट पूर्ण झालेली दाखव मला. एक." मी म्हटलं, "म्हणजे इंजिन चालू झालं की हो?" ती म्हणाली, "असं कुठे म्हटलं मी? तू ना, ऐकतच नाहीस." मी हातातला पाना भिंतीवर फेकला. तिथला पोपडा अजून तसाच आहे. त्यानंतर मी सगळं इंजिन चालू होण्यावर लावलं. हे लिहिताना आता छातीत काही होत नाही. बोटांचं तिथपर्यंत चढलं असावं.

कलम ५. श्री. मार्तंड शिवराम परुळेकर, म्हणजे बाबा, यांनी सदर इंजिनाला हात लावू नये.

याचं कारण नोंदवणं भाग आहे. बाबा मरोळच्या इंडस्ट्रियल एस्टेटमध्ये वायरमन आहेत. इंजेक्टरच्या वायरी जोडायची वेळ आली तेव्हा माझ्या बोटांत पिना धरवेनात. चिमटीत आहे की खाली पडली हेच कळायचं नाही. बाबा दोन संध्याकाळी खुर्ची टाकून बघत बसले. तिसऱ्या दिवशी मला एमआरआयला आईबरोबर पाठवून त्यांनी रजा घेतली. मी परत आलो तर चारही इंजेक्टरना वायरी जोडलेल्या. नुसत्या जोडलेल्या नाहीत, त्यांच्या पॅनेलात असतात तशा मेणाच्या दोऱ्याने बांधलेल्या, दर बोटभर अंतरावर एक गाठ, सगळ्या एका रेषेत. मी असं कधी बांधू शकलो नसतो. बोटं होती तेव्हाही.

"तुजी बोटां चलनत नाय तर माजी आसत मा," ते म्हणाले. "मार चावी."

मी चावी फिरवली. पेट्रोलचा पंप घोंगावला आणि थांबेचना. चारही इंजेक्टर एकदम उघडे पडले आणि पेट्रोल सरळ सिलिंडरात. मला ते समजायच्या आत मी स्टार्टर दाबला होता. इंजिन खाडकन अडकलं. वास दुसऱ्या मजल्यापर्यंत गेला.

"बाबा, ही काळी कुठे लावलीत?"

"बॉडीक. काळी ती न्यूट्रल. तीस वर्सा ह्याच करतंय मी."

बॉडी म्हणजे गाडीचं लोखंड. घरात हेच बरोबर आहे. घरात बटण लाल वायरीत असतं आणि काळी सरळ परत जाते. इंजेक्टरचं उलटं आहे. मी त्यांच्या तीस वर्षांवर ओरडलो. "ट्यूबलाइटी लावा तुम्ही! हे इंजिन आहे!" वरून सोसायटीचे सेक्रेटरी निलेश कारखानीस ओरडले, "परुळेकर, बिल्डिंग उडवताय का रे?" मी त्यांच्यावरही ओरडलो. मग पक्कड घेऊन आठही वायरी कापल्या. बाबा बाजूला उभे होते. म्हणाले, "दोरो तरी ठेव." आणि वर गेले. तेव्हापासून ते पार्किंगमधून जातात ते पलीकडच्या कडेने. आम्ही जेवतो एकत्र, बोलत नाही. मीठ आईकडून मागतो.

कलम ६. इंजेक्टरच्या वायरी कशा जोडाव्यात, ते इथे लिहून ठेवत आहे, म्हणजे पुन्हा तसं होणार नाही.

आधी प्लग काढून स्टार्टर फिरवावा, सिलिंडरातलं पेट्रोल बाहेर येईल. त्या वेळी कोणी जवळ विडी ओढू नये. इंजिनाचं ऑइल पूर्ण बदलावं, त्यात पेट्रोल उतरलं आहे. मग प्रत्येक इंजेक्टरला दोन पिना आहेत त्या बघाव्यात. लाल वायर रिलेवरून, म्हणजे चावीने चालू होणाऱ्या स्विचवरून यावी, चारही लाल एकत्र चालतात. चावी लावली की लालमध्ये करंट कायम असतो, त्याला घाबरायचं कारण नाही. बटण लालमध्ये नाही. बटण काळीत आहे, आणि ते बटण म्हणजे कॉम्प्युटर. म्हणून काळी वायर बॉडीला मारू नये. प्रत्येक काळी वेगळी कॉम्प्युटरकडे न्यावी. तो क्षणभर तिला बॉडी देतो, तेवढंच पेट्रोल उडतं. टेस्टरचा दिवा यात काही सांगणार नाही. टेस्टरवर विसंबू नये. काळी म्हणजे न्यूट्रल हे घरात खरं आहे, तिथे ते खरंच आहे. दोरा तसाच आहे, कापलेला नाही, फक्त टोकं नवीन जोडायची आहेत. चष्मा लावून जोडावीत, पिना बारीक आहेत.

कलम ७. सेक्रेटरी निलेश कारखानीस यांना काहीही द्यायचं नाही. त्यांनी ताडपत्रीबद्दल चार नोटिसा लावल्या आहेत. ज्याला मृत्युपत्रातून काही मिळतं त्याने साक्षीदार म्हणून सही करू नये, असं आईच्या ओळखीच्या वकिलांनी सांगितलं. त्यामुळे ते साक्षीदार म्हणून एकदम योग्य आहेत. मी विचारायला गेलो तर म्हणाले, "अर्ज दे." नंतर दार लोटता लोटता म्हणाले, "करतो सही. पण तू गुरुवारी गपचूप परत ये रे, नोटिसा कोणाला लावू मी?"

इथपर्यंत प्रिंट काढलं. यापुढचं डाव्या हाताने लिहिलेलं आहे, लागेल तसं वाचावं.

कलम ८. आज संध्याकाळी गंधाली आली. मी बोलावलं नव्हतं, आईने फोन केला असणार. तिने उभ्या उभ्या सगळं वाचलं. सीटबद्दल काही बोलली नाही. म्हणाली, "मला नको इंजिन. आमच्या टू बीएचकेमध्ये कुठे ठेवू, देवघरात?"

"विकून टाक मग."

"नाही. आणि हे कलम सहा कोणासाठी लिहिलंस? कॉम्प्युटर मी बसवलाय. काळी वायर कुठे जाते ते मला माहीत नाही होय?"

मी कागद परत मागितला, तिने दिला नाही.

"टेस्टरवर विसंबू नये. चष्मा लावावा. मी चष्मा लावते का रे?"

"बाबा वाचणार नाहीत."

"तू कधी दिलंस वाचायला?" मग म्हणाली, "दुसरा साक्षीदार मिळाला का?"

मी म्हटलं, तू सही केलीस तर तुला काही देता येणार नाही. ती म्हणाली, "माहितीये. सातव्या कलमात वाचलं. पेन दे."

तिने सही केली. तिचं होळीच्या आधीचं उत्तर मी आत्तापर्यंत ऐकलं नव्हतं. आता कागदावर आहे. मला राग आला नाही, याची नोंद असावी.

सबब कलम ४ मधली देणगी आणि कलम ५ पूर्ण, ही दोन्ही मी रद्द करत आहे. गाडी, इंजिन, पाने आणि कलम ६ श्री. मार्तंड शिवराम परुळेकर यांना मिळावं. त्यासाठी माझ्या मरणाची वाट बघू नये. हा कागद मी आज जेवताना त्यांच्या ताटाशेजारी ठेवणार आहे. त्यांनी वायरी जोडायला उद्याच घ्याव्यात. मी ऑपरेशनवरून आलो तर खुर्ची टाकून बघत बसेन. जोडताना त्यांच्या हातून पुन्हा चूक झाली तरी त्यांच्यावर कोणीही ओरडू नये. मी समोर असलो तर मीसुद्धा नाही.

वरील मजकूर मी वाचला आहे, तो माझा आहे, आणि साक्षीदारांदेखत डाव्या हाताने सही करत आहे.

ठिकाण : मरोळ, अंधेरी पूर्व, मुंबई
दिनांक : १८ नोव्हेंबर २०२५, मंगळवार

मृत्युपत्र करणार : मुकुल मार्तंड परुळेकर

साक्षीदार :
१. गंधाली सुहास रेगे
२. निलेश वसंत कारखानीस, सेक्रेटरी (ताडपत्रीबाबतची हरकत कायम ठेवून)