तुझ्या मॅडमचा पुढचा कोर्स

प्रिय चिमे,

हे पत्र तुझ्या भाऊजींच्या हाती पाठवते आहे. रोज फोनवर बोलणारी ताई अचानक पत्र लिहिते म्हणजे घरात काहीतरी बिनसलंय, असं वाटून घाबरू नकोस. सगळे ठीक आहेत. दवाखान्यात कान तपासायचं नवीन यंत्र आलंय, ते जुन्याहून जास्त वेळ खातं, आणि बाहेर बाकावर बसलेले लोक माझ्यावर वैतागतात. भाऊजींनी पुन्हा रोज चालायला जायचं ठरवलंय, म्हणजे चालण्याचे कपडे आणून कपाटात ठेवलेत.

आता मुद्द्याचं. रविवारी तू फोनवर विचारलंस, "ताई, मॅडमचा पुढचा कोर्स घेऊ का?" मी म्हटलं, "नको." तू म्हणालीस, "बरं." आणि मग आपण तुझ्या लेकीच्या शाळेबद्दल बोलायला लागलो. एवढा मोठा प्रश्न. पहिल्या कोर्सच्या चौपट फी, शिवाय वर्ग रोज सकाळी, शेअर बाजार उघडा असताना, म्हणून आर्किटेक्टकडची नोकरी सोडायची. इतकी वर्षं नकाशे काढून तिथे तू जागा मिळवलीस, ती पुन्हा मिळणार नाही. आणि त्याचा निकाल एका शब्दात. शुक्रवारी फी भरायची मुदत संपते. त्याआधी त्या 'नको'च्या मागे काय होतं ते तुला कळायला हवं. मलाही ते लिहिल्याशिवाय कळत नाही, माझी खोड तुला ठाऊकच आहे.

एक गोष्ट आधी सांगून टाकते. शनिवारी तुझ्या मॅडमचं मोफत व्याख्यान होतं, त्याला मी आले होते. टायरच्या दुकानावरच्या त्या हॉलमध्ये, शेवटच्या रांगेत, खांबाच्या आड. तुला कळवलं असतं तर तू म्हणाली असतीस, "ये ना, ओळख करून देते." मला ओळख नको होती. मला त्या बाई लबाड निघायला हव्या होत्या.

वर्षभर मी हेच ऐकते आहे ना. मॅडम म्हणतात सकाळी उठल्यावर आधी पाणी प्यावं. मॅडम म्हणतात चुकीबद्दल स्वतःला बोल लावू नये, चूक लिहून ठेवावी. अगं, चूक लिहून ठेवायला मी तुला किती वर्षं सांगत आले! तेव्हा तू म्हणायचीस, "ताई, तुझ्यासारखं मला नाही जमत." तू केस त्यांच्यासारखे कापलेस, तेव्हा मी म्हणाले, "छान दिसतात," आणि घरी येऊन भांडी अशी आपटली की भाऊजी विचारायला आले. तुझ्याशी बोलता यावं म्हणून मी वाचनालयातून शेअर बाजारावरचं एक पुस्तक आणलं आणि एकदा विचारलं, "भाव घसरून ती चार्टवरची मेणबत्ती लाल झाली की काय करायचं गं?" तू हसलीस. "राहू दे ताई, ते तुझं काम नाही." मायेनेच म्हणालीस. तरी नाकाला मिरच्या झोंबायच्या त्या झोंबल्याच.

तर शनिवारी मी बाईंना नीट पाहिलं. साधा कुर्ता, बसलेला आवाज. त्या आवाजाला आठवडाभर तरी विश्रांती हवी आहे, हे माझ्या कान-घशाच्या धंद्यामुळे पहिल्या वाक्यालाच कळलं. पहिल्या रांगेतल्या एका निवृत्त गृहस्थांनी विचारलं, "पण महिन्याला नक्की किती सुटतात, ते सांगा." त्या म्हणाल्या, "काका, नक्की हवं असेल तर बँकेत ठेवा. इथे एकच गोष्ट तुमच्या हातात आहे, किती नुकसान झाल्यावर उठायचं ती." सगळे हसले. मीही हसले, आणि हसल्याचा मला राग आला. पुढे तासभर त्या एकच गोष्ट वेगवेगळ्या प्रकारे सांगत राहिल्या: घाई करू नका. गाडी सुटली तर सुटू द्या, मागून दुसरी येते. सुटलेल्या गाडीमागे धावणारा माणूस पडतो. मी मान डोलवत होते, चिमे. खांबाआड बसून मान डोलवत होते.

मध्ये चहा झाला. माझ्या शेजारी एक औषधविक्रेते होते, हसरे, बोलके. हा त्यांचा चौथा कोर्स होणार होता. मी विचारलं, "चौथा कशाला?" तर म्हणाले, "पहिला शिकण्यासाठी. दुसरा पहिल्यात राहून गेलं ते शिकण्यासाठी. तिसरा धीर येण्यासाठी." "आणि ट्रेडिंग?" "ते काय, कोर्स संपला की सुरू!" मला इतका आनंद झाला की मी त्यांना माझी बिस्किटंही देऊन टाकली.

आणि मग तू आलीस. तू बोलणार आहेस याची मला कल्पनाच नव्हती. तू व्यासपीठावर चढलीस, माईक दोन्ही हातांनी धरलास, आणि घाबरलेली असूनही किती स्वच्छ बोललीस. म्हणालीस, "पूर्वी कुठलीही गोष्ट मी कुणाला तरी विचारूनच करायची. मॅडमनी मला स्वतःचं स्वतः ठरवायला शिकवलं." ते 'कुणाला तरी' म्हणजे मी. बाईंनी तुझ्या खांद्यावर हात ठेवला आणि सगळ्यांना सांगितलं, "ही माझी धाकटी बहीण." लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी नाही वाजवल्या. मी खांबाआड आणखी सरकले. आणि बघ, स्वतःचं स्वतः ठरवायला शिकलेल्या मुलीने दुसऱ्याच दिवशी मला फोन करून विचारलं, घेऊ का? मी तो फोन किती गोड आवाजात घेतला असेन!

शेवटी बाईंनी पुढच्या कोर्सची माहिती दिली. आणि तोवर घाई करू नका म्हणणाऱ्या त्या बसलेल्या आवाजात म्हणाल्या, "जागा थोड्याच आहेत. इथेच नाव नोंदवलंत तर सवलत, बाकीच्यांना शुक्रवारपर्यंत मुदत. उद्या मला फोन करून हळहळू नका." लोक उठले. खुर्च्या सरकल्या. ते निवृत्त काका चष्मा शोधत शोधत टेबलाकडे धावले. तासभर त्यांना सुटलेली गाडी सोडून द्यायला शिकवलं, आणि कोर्स विकताना त्याच गाडीची शिट्टी वाजवली.

ही गोष्ट मी हॉलच्या जिन्यावर उभी राहून दोनदा मनात घोळवली, खडीसाखरेसारखी. सापडलं! मग घरी येताना विचार पडला. हे मला सापडलं ते खरं आहे म्हणून, की मला सापडायलाच हवं होतं म्हणून? दवाखान्यात माझ्या बंद खोलीत लोक कानाला हेडफोन लावून बसतात. बारीकसा आवाज आला की बटण दाबायचं, एवढंच काम. ज्यांना पास व्हायचंच असतं ते आवाज नसतानाही दाबतात. ते खोटं बोलत नसतात गं. त्यांना खरंच काहीतरी ऐकू येतं. शनिवारी मी त्यांच्यासारखीच बटण हातात धरून बसले होते.

म्हणून आता उलट बाजूचंही लिहिते, मला जड जातंय तरी. मागे तुझी सुट्टी होती तेव्हा मी सकाळी तुझ्याकडे आले होते, आठवतं? तू स्क्रीनसमोर बसली होतीस. तेव्हा तुझे सौदे कागदावरचेच होते, खरे पैसे नाहीत. बाजार बंद होईपर्यंत तू हात मांडीवर ठेवून नुसती बघत राहिलीस, आणि मग वळून म्हणालीस, "ताई, आज मी काहीच केलं नाही!" चेहरा असा, की जणू बक्षीस मिळालंय. शांततेत हात आवरून बसणं फार थोड्यांना जमतं, हे मी रोज पाहते. तुला ते जमलं होतं, तुला, जिला लहानपणी पत्त्यांचा डावसुद्धा धीराने खेळता यायचा नाही. ते तुला त्या बाईंनी शिकवलं. मला त्याच क्षणी कळलं. आणि मी काय म्हणाले? "म्हणजे सुट्टी फुकट गेली." तुझा चेहरा उतरला, आणि मी चहा ठेवायला उठले.

तेव्हा पहिला कोर्स वाया गेला असं मी म्हणू शकत नाही. दुसऱ्यात त्या आणखी काय देणार, ते मला माहीत नाही. हात आवरणं एकदा आलं की ते पुन्हा विकत घ्यावं लागतं का? की तुला त्यांच्याकडून आता शिकायचं नाहीच, नुसतं त्यांच्या शेजारी बसायचंय? शेजारी कुणी असलं की धीर येतो, हे खोटं नाही. त्या औषधविक्रेत्यांनीही तेच विकत घेतलं होतं. पण त्यासाठी नोकरी? त्यांच्या आधीच्या वर्गातल्या किती जणांनी नोकऱ्या सोडल्या आणि त्यातले किती जण आज ट्रेडिंगवर घर चालवतात, हे मला विचारायचं होतं. मी हात वरही केला होता. पण उभी राहिले असते तर तू मला पाहिलं असतंस. हात खाली घेतला. तो प्रश्न तू विचार. तुला त्या धाकटी म्हणतात, तुला खरं सांगतील. आणि सांगताना आढेवेढे घेतले तर तेही उत्तरच समज.

हे सगळं फोनवर का सांगितलं नाही, ते ऐक. रविवारी तुझं 'बरं' ऐकून मी फोन ठेवला आणि गुणगुणत स्वयंपाकघरात गेले. भाऊजी म्हणाले, "आज स्वारी एवढी खुशीत?" मी म्हणाले, "चिमी अजून माझंच ऐकते." ते म्हणाले, "आणि कोर्स चांगला की वाईट?" तेव्हा माझ्या लक्षात आलं. तुला 'नको' म्हणताना मी कोर्सचा विचारच केला नव्हता. मला त्या बाईंना हरवायचं होतं, आणि मी हरवलं होतं, तुझ्या आयुष्याच्या जिवावर. ते 'नको' मी परत घेते. त्याच्या जागी 'घे' असंही म्हणत नाही. फोन केला असता तर तू माझ्या आवाजावरून माझं मन ओळखलं असतंस आणि त्याप्रमाणे वागली असतीस, म्हणून हा कागद. तो पुन्हा पुन्हा वाचून माझ्या मनात काय आहे ते शोधत बसू नकोस. माझ्या मनात मत्सर आहे, आणि तो शुक्रवारपर्यंत जायचा नाही. तोवर मी तुझा फोन उचलणार नाही. काही अडलंच तर भाऊजींना कर, त्यांना शेअरमधलं ओ की ठो कळत नाही. येत्या शनिवारी मात्र तू काय केलंस ते मला सांग. कोर्स घेतला म्हणालीस तर मी क्षणभर गप्प होईन. त्या गप्प होण्याकडे लक्ष देऊ नकोस, बोलत राहा.

तुझीच,
ताई