जहाजाच्या फळ्या

शांती नगर, मीरा रोड
नोव्हेंबर १९९६

प्रिय सुचेता,

परवा बाजारात भेटलीस, घरच्यांची चौकशी केलीस आणि मी "मजेत" म्हणून मेथीच्या जुड्या उलटसुलट करत राहिले. भाजीवाल्यासमोर दुसरं काय बोलणार होते? म्हणून आज लिहायला बसलेय.

आमच्या आतल्या खोलीत लाकडी जमीन बसतेय. तळमजल्यावरचा एवढासा फ्लॅट आणि त्यात सागवानी जमीन! पण ही हौस कुणाची, ते तुझ्याइतकं कुणाला ठाऊक? लोकेशदादा जहाजावर नोकरीला लागला तेव्हापासून म्हणायचा, लग्नानंतर आपल्या खोलीत डेकसारखं लाकूड घालायचं, घरात अनवाणी फिरायचं. तुमचा साखरपुडा झाला, तो पुढच्या सफरीला गेला आणि एका सकाळी आपल्या बंकवर नव्हता. जहाजभर शोधलं, मिळाला नाही, एवढंच कंपनीने कळवलं. त्याला आता तीन वर्षं होतील. तेव्हापासून ती खोली आईने बंदच ठेवली होती.

धम्मचक्र प्रवर्तन दिनाच्या दुसऱ्या दिवशी बाबा दारूखान्यातून, जिथे जुनी जहाजं तोडतात तिथून, टेम्पो घेऊन आले. तोडलेल्या जहाजाच्या डेकच्या फळ्या. "सरोजा, पोराची खोली करायला घेऊ," एवढंच म्हणाले. मला वाटलं, आई रडेल. तिने पदर खोचला आणि खोलीचं कुलूप काढलं.

राई गावचे हरिश्चंद्र मिस्त्री काम बघतायत. त्यांनी आधी लादीवर प्लास्टिकचा कागद चिकटपट्टीने चारी बाजूंनी बंद करून ठेवला. सकाळी कागदाच्या आतून थेंबच थेंब. "खाली खाडीचा वलावा हाय, ताई," ते म्हणाले, "लगेच बसवायचं न्हाय. लाकूड फुगंल." मग लादीवर डांबर फासलं. फळ्या खोलीतच एकावर एक रचल्या, मध्ये लाकडाच्या चिपा घालून, वारा खेळावा म्हणून. लाकडाला घराची हवा मानवेपर्यंत थांबायचं, मग खाली वासे टाकून त्यांवर फळ्या ठोकायच्या.

हे थांबणंच आम्हाला भोवलं बघ. सगळ्या घराला डांबराचा आणि समुद्राचा वास येतो. फळ्या पुसल्या तरी त्यांवर पांढरं मीठ फुटतं. आणि सुकता सुकता त्या वाजतात. दुपारी घर शांत असताना आतून कट् असा आवाज येतो, कुणी पाऊल टाकल्यासारखा. पहिल्यांदा आवाज झाला तेव्हा आई स्वयंपाकघरातून सहज म्हणाली, "आलास का रे?" आणि पुन्हा भाकरी थापायला लागली. आता रोज विचारते. त्याचं ताट वाढते. बाबा, ज्यांनी भूतखेत, अंगात येणं असलं काही आयुष्यभर दारात उभं राहू दिलं नाही, ते त्या ताटावर जाळी झाकून ठेवतात. मी एकदा म्हटलं, "बाबा, तुम्ही तरी तिला सांगा." तर म्हणाले, "लाकूड आहे गं, वाजतंच." पण म्हणताना माझ्याकडे बघत नव्हते. बघत होते खोलीच्या दाराकडे.

गेल्या शनिवारी ऑफिसला अर्धा दिवस होता. मी कपड्यांच्या घड्या घालत होते. आतून आवाज आला. आईने नेहमीसारखं विचारलं. आणि सुचेता, मी उत्तर दिलं. "हो, हातपाय धुतोय," असं मी, माझ्या तोंडाने, मोठ्याने म्हणाले. क्षणभर मला त्यात काही चुकलंय असं वाटलंसुद्धा नाही. मग हातातला शर्ट दिसला. तो दादाचा होता. आईने धुऊन वाळत घातला होता, आणि मी त्याची नीट घडी घातली होती.

त्या दिवसापासून मला आवाजाची भीती वाटत नाही, आवाज नसला की वाटते. संध्याकाळी स्टेशनवरून घरी येताना पावलं भरभर पडतात, कारण आज तो आला असेल असं कुठेतरी वाटत असतं. तुला लिहितानाही कान तिकडेच आहेत.

या आठवड्यात फळ्या ठोकायला घेतील, आणि रविवारी आई-बाबा नवघरला तुमच्या घरी येणार आहेत. आईने तुझ्यासाठी साडी आणलीय. तुला ती खोली बघायला घेऊन यायचंय. "माझी सून आधी पाय ठेवेल," असं ती शेजारच्या विमलाबाईंना सांगून आलीय. तुझ्या मनात काय चाललंय ते मला कळतं. परागचं स्थळ येऊन महिने झाले, माणूस तुला आवडलाय, आणि तू आमच्यासाठी त्याला उत्तर देत नाहीयेस. म्हणून हे पत्र. रविवारच्या आधी त्याला होकार कळव. आई दारात आली तर तुझ्या आईला बोलू दे, तू बाहेर येऊ नकोस. ती साडी हातात घेऊन रडेल, तरी येऊ नकोस. तू एकदा त्या जमिनीवर उभी राहिलीस की या घरातून तुला कुणी सोडवू शकणार नाही, मीसुद्धा नाही, कारण तू यावीस असं आतून मलाही वाटतंय. आमच्या घरात आजवर कुणी उच्चारलं नाही, ते मी तुला लिहून देते. लोकेशदादा परत येणार नाही.

तुझीच,
संघप्रिया