रांगेतली गाणी

३ मार्च

चि. चिमणीस, बापाचे अनेक आशीर्वाद.

फोनवर मला चार शब्द धड बोलता येत नाहीत, म्हणून पुन्हा पेन हातात घेतलं. बाइंडिंगचं काम बरं चाललंय. शाळेच्या ग्रंथालयाची साठ पुस्तकं आलीत. निम्म्यांच्या पाठी मोडल्यात, माझ्यासारख्याच.

जाताना तू दुकानातल्या काँप्युटरवर करून दिलेली प्लेलिस्ट मी लावत नाही, रागावू नकोस. कुठल्या गाण्यानंतर कुठलं, ते तोंडपाठ झालंय. त्यापेक्षा तू तिकडून आपल्या फोनवरून रोज इथल्या प्लेअरच्या रांगेत एखादं गाणं सोडतेस ते बरं. खळ लावताना अचानक नवं काही वाजलं, की वाटतं, पोरीला आत्ता आठवण झाली. हल्ली मात्र सगळी रडवी गाणी पाठवतेस. एकटं वाटतं का तिकडे? खरं ते लिही.

तब्येतीला जप. माया आहेच, ती वाढती असावी.

तुझा,
बाबा

१९ मार्च

ती. बाबांस सा. न. वि. वि.

तुमचं पत्र लॅबमध्ये जेवणाच्या सुट्टीत वाचलं आणि जेवण तसंच राहिलं. बाबा, ती गाणी मी पाठवली नाहीत. जानेवारीत तपासायच्या नमुन्यांचा ढीग वाढला. आधी एक दिवस चुकला, मग आठवडा, मग विसरूनच गेले. रांग संपली की प्लेअर आपल्या मनाने पुढची गाणी भरत राहतो. ते बंद करायचं बटण मी तुम्हाला दाखवलंच नव्हतं. फार लाज वाटतेय.

एकटं वाटतं, हे मात्र बरोबर ओळखलंत. शेजारच्या टेबलावरच्या बाईंनी चार महिन्यांत माझं नावही विचारलेलं नाही.

रांगेच्या खाली ‘आपोआप’ असं बटण आहे, ते बंद करा. मी दोनशे गाण्यांची नवी प्लेलिस्ट करून देते, म्हणजे माझ्यावाचून तुमचं अडणार नाही.

माझ्यावरची माया कमी करू नका.

तुमची,
चिमणी

११ एप्रिल

चि. चिमणीस अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून दोन दिवस हात चालेना. दोन महिने मी यंत्राच्या गाण्यांवरून तुझी काळजी करत बसलो. वर कोपऱ्यावरच्या न्हाव्याला ऐटीत सांगून ठेवलं होतं, की लेक रोज आठवण काढते. आता दाढी घरीच करतो.

त्या बाईंचं नाव तूच विचार. कुणीतरी आधी बोलायला हवं.

दोनशे गाण्यांची प्लेलिस्ट नको. माझं तुझ्यावाचून अडतं, आणि ते अडलेलंच राहू दे. बटण बंद केलंय. सोमवारी तीन वाजता एक गाणं आलं, म्हणजे ते तूच पाठवलंस. सुई खाली ठेवून मी ते उभ्यानेच ऐकलं. आज शनिवार. त्यानंतर दुकान गप्प आहे. तू कामात असशील, हे कळतं. पण वाट बघतोय, ते लपवत नाही.

सवडीने का होईना, लोभ कळवत जा.

तुझा,
बाबा