खड्ड्याचा वास

२ एप्रिल
आलो एकदाच्या! दवाखान्याने दोन खोल्या दिल्यात. नळाला पाणी आहे, दाराची कडी नीट लागते. नर्सला आणखी काय हवं? मागच्या खिडकीतून डेअरीचं आवार दिसतं. चार वर्षांची माझी चिमी घरभर उड्या मारतेय. शेजारच्या काकू ताजं दूध देऊन गेल्या. इथल्या गाई ओढ्याकाठचं कसलंसं उग्र गवत खातात म्हणे. दुधाला ओल्या मोज्यासारखा वास येतो. मी पेला बाजूला सारला, पण चिमीने मिटक्या मारत दोन पेले रिचवले. आवड सगळी बापाची.

६ एप्रिल
गावाजवळच्या अणुवीज केंद्रात काहीतरी फुटलं. भोंगा झाला, दारंखिडक्या बंद. दवाखान्यात मुलांना आयोडीनच्या गोळ्या दिल्या. डॉक्टरीणबाईंनी आयांना समजावलं, की हवेतलं किरणोत्सर्गी आयोडीन गळ्यातल्या ग्रंथीत जाऊन बसतं. गोळीने ती जागा आधीच भरून टाकायची. पण गोळीचा असर जेमतेम दिवसभर. तेच आयोडीन गवतातून गाईच्या दुधात उतरतं, म्हणून इथलं दूध पूर्ण बंद. पोरांनी कडू गोळ्या थुंकल्या, दोघं माझ्या अंगावर ओकली. केस धुतले तरी चिकटच वाटतात.

८ एप्रिल
गोठ्यांतलं सगळं दूध डेअरीत जमा करून खड्ड्यात ओततात. तो खड्डा नेमका आमच्या खिडकीखाली! वर पिवळी साय, सायीत वळवळणाऱ्या अळ्या, माशांचा थर. वासामुळे जेवताना खिडकी घट्ट लावून घेते. मुलांसाठी डेअरीचे मॅनेजर बाहेरगावाहून दुधाच्या पिशव्या मागवतात आणि त्या मी वाटते. चिमी त्या दुधाला तोंड लावत नाही. पाणचट म्हणे!

११ एप्रिल
वास गेला! खड्डा रोज पांढराशुभ्र भरतो, पण अळ्या मेल्या, माशा गायब. मॅनेजरना विचारलं तर हसून म्हणाले, बाई, तुमच्या नाकाला सवय झाली. होऊ दे बापडी. चिमीही कालपासून पिशवीतलं दूध गटागटा पिते, वर आणखी मागते. माझा जीव भांड्यात पडला.

१३ एप्रिल
दूध तापवताना उतू गेलं. वास आला. तोच, ओल्या मोज्याचा. बाहेरगावच्या दुधाला हा वास कसा?
खड्ड्यापाशी गेले. काठी बुडवली, टोक बोटाने पुसलं. चुना. नुसतं चुन्याचं पाणी—
मग दूध कुठे—
मी वाटलं. बिनघोर पाजा म्हणून आयांना सांगितलं. हात धुतेय. पुन्हा धुतेय.

१४ एप्रिल
मॅनेजर म्हणे, इतकं चांगलं दूध मातीत घालायचं का? त्याच्या दातांत अन्न अडकलं होतं. शी. डॉक्टरीणबाई वर कळवतायत. मी रांगेत ओरडले, पिशव्या फोडल्या. एका बाईने हातातली हिसकावली, बाळ उपाशी आहे म्हणाली, आणि पळाली—

संध्याकाळी
चिमीच्या गळ्यावरून हात फिरवते. गाठबीठ काही लागत नाही. इतक्यात लागणारही नाही. किती पेले प्यायली? मीच दिले—
घरातल्या पिशव्या मोरीत रिकाम्या केल्या. सगळ्या.
पातेलं? कालचं पातेलं मी ओट्यावर—
आत पेला वाजला. चिमी मिटक्या—